आयसीयूतून काढलं, म्हणजे नर्सिंगमधून काढलं का?

एका २३ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

नर्सिंगची पदवी हातात पडली आणि तिला एका मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत पहिली नोकरी लागली. तीन महिने सीनिअर सिस्टरच्या हाताखाली शिकवू, असं कबूल केलं होतं. स्टाफ कमी पडला आणि पाचव्याच आठवड्यात दोन पेशंट तिच्या एकटीवर आले. चौथ्या महिन्यात एका नाइटला इन्सुलिनच्या पंपावर ताशी १.५ मिलिलिटरऐवजी १५ असा आकडा पडला. पुढची शुगर तपासताना चूक तिच्याच लक्षात आली. तिने पंप थांबवला, डॉक्टरांना बोलावलं, ग्लुकोज दिलं गेलं, पेशंट सावरला. सकाळी तिने स्वतःहून इन्चार्ज सिस्टरना सांगितलं आणि इन्सिडंट फॉर्म, म्हणजे झालेली चूक नोंदवण्याचा कागद, भरला. पंधरा दिवसांनी ‘आयसीयूचा वेग तुला झेपत नाही’ असं सांगून तिला कमी करण्यात आलं. तिच्याबरोबर लागलेल्या तिघीजणी अजून तिथेच आहेत.

आता तिच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयाचा मेडिसिन वॉर्ड. पगार कमी, फिरत्या ड्यूट्या, पण पहिले बारा आठवडे सीनिअर सोबत असेल. दुसरी, एका छोट्या खासगी रुग्णालयाचा आयसीयू. पगार जास्त, लगेच रुजू व्हायचं, रात्री दोनच नर्स. तिसरी, विम्याच्या दाव्यांचे कागद तपासण्याची ऑफिसातली नोकरी. वॉर्डवाल्यांना आठवड्याभरात उत्तर हवंय. तिचा कल छोट्या आयसीयूकडे आहे. ती लिहिते, “परत आयसीयूत उभी राहिले तरच मला स्वतःला नर्स म्हणवता येईल.” आणि पुढे, “गप्प बसले असते तर आज नोकरी असती.” ते चार महिने रिझ्युमेत लिहावेत की नाही, असंही तिने विचारलंय.

प्रिय मैत्रिणी,

नोकरीकडे वळण्याआधी तुझ्या त्या ‘गप्प बसले असते तर’ या वाक्याबद्दल बोलते. ते मनात तसंच राहिलं तर तू कुठेही रुजू झालीस तरी तुझ्याबरोबर येईल, आणि कधीतरी एखाद्या पेशंटला महागात पडेल.

त्या रात्री तू काय केलंस ते नीट आठव. शुगर खाली दिसली तेव्हा ‘मीटर बिघडला असेल’ म्हणत तू वेळ काढला नाहीस. पंपाकडे पाहिलंस, तो थांबवलास, डॉक्टरांना उठवलंस, आणि काय घडलं ते खरं सांगितलंस. गप्प बसली असतीस तर पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला शुगर का पडली हे कळलंच नसतं. इन्सुलिन शुगरबरोबर रक्तातलं पोटॅशियमही खाली आणतं, हे तू शिकलीच आहेस. चूक लपली असती तर ते तपासायचं कुणाच्या मनातही आलं नसतं, आणि त्या पेशंटच्या हृदयाची लय बिघडली असती तर कारण सापडेपर्यंत उशीर झाला असता. तुझ्या खरं बोलण्याने तो माणूस दुसऱ्यांदा वाचला. यात पश्चात्ताप करण्यासारखं मला काहीही दिसत नाही.

तू फॉर्म भरलास म्हणूनच तुला काढलं का? कदाचित हो. जिथे सांगणाऱ्याला घरी पाठवतात तिथे बाकीचे हळूहळू लपवायला शिकतात, आणि अशी जागा सुटणं हे दीर्घकाळाचं नुकसान नसतं. पण दुसरी शक्यताही आहे. त्या रात्रीच्या आधीपासून तू मागे पडताना त्यांना दिसत असशील, आणि ती चूक फक्त निमित्त ठरली असेल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मी नुसती तुझी बाजू घेतली तर तुला बरं वाटेल, पण पुढच्या ड्यूटीला त्याचा काही उपयोग होणार नाही.

म्हणून एक अवघड काम सांगते. जुन्या इन्चार्ज सिस्टरना फोन करून वीस मिनिटं माग. निर्णय बदलायला सांगू नकोस, भांडू नकोस. एवढंच विचार, “मी मागे पडले असे दोन-तीन नेमके प्रसंग सांगाल का?” ‘वेग झेपत नाही’ या वाक्याचं तू काहीच करू शकत नाहीस, कारण त्याच्या पोटात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. हात सावकाश चालतात, हे एक. आधी काय आणि नंतर काय हे ठरवता येत नाही, हे दुसरं. अडलं तरी विचारायला उशीर होतो, हे तिसरं. आणि काही औषधांची, यंत्रांची माहितीच कच्ची आहे, हे चौथं. हात सरावाने चालायला लागतात, त्याची काळजी करू नकोस. माहिती वाचून आणि विचारून भरता येते. मधल्या दोन गोष्टी मात्र शेजारी कुणीतरी उभं असल्याशिवाय सहसा सुधारत नाहीत. तुझी नोकरी निवडताना हेच लक्षात ठेवायचंय. त्या बोलायला तयार झाल्या नाहीत तर त्या आयसीयूतल्या तुझा विश्वास असलेल्या एखाद्या सिस्टरना विचार. बहुतेक जणी खरं सांगतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

आता १.५ आणि १५. दशांश चिन्ह हुकलं की डोस दहापट होतो. ही औषधांमधली जुनी, सगळीकडे आढळणारी चूक आहे, आणि म्हणूनच इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, सलाईनमध्ये मिसळायचं पोटॅशियम अशी औषधं दोन नर्सनी स्वतंत्रपणे तपासायची असतात. स्वतंत्रपणे म्हणजे दुसरीने ऑर्डर स्वतः वाचायची, हिशोब स्वतः करायचा आणि मग पंपावरचा आकडा बघायचा. तू सांगितलेल्या आकड्याला मान डोलावून सही करणं ही तपासणी होत नाही. त्या रात्री दुसरी सही कुणाची होती? होती का? पंप लावताना तुला कुणी हाक मारली होती का? ही उत्तरं दुसऱ्या कुणावर खापर फोडण्यासाठी नकोत. तुझ्या एका बोटाच्या चुकीआड आणखी किती अडसर असायला हवे होते आणि त्यातले किती जागेवर नव्हते, हे तुला कळायला हवं. स्वतःपुरत्या सवयी मात्र आजपासून लाव. आकडा एककासकट मोठ्याने वाच. पंप सुरू केल्यावर पुन्हा एकदा वळून बघ आणि ‘तासाभरात एवढं जायला हवं का?’ असं स्वतःला विचार. लिहिताना ‘.५’ असं कधी लिहू नकोस, ‘०.५’ लिही, आणि ‘५.०’ऐवजी नुसतं ‘५’ लिही.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. चार महिन्यांत आयसीयू जमायला हवा होता ही पहिली, आणि आयसीयू म्हणजेच खरं नर्सिंग ही दुसरी.

पहिलीबद्दल. नव्या नर्सना शाळेतलं नर्सिंग आणि वॉर्डातलं नर्सिंग यांतल्या अंतराचा जो धक्का बसतो, त्याचा मार्लिन क्रेमर या संशोधक नर्सने अभ्यास केला आणि १९७४ साली त्याला ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ हे नाव दिलं. इतक्या वर्षांत यंत्रं बदलली, तो धक्का तसाच आहे. पुढे १९८० च्या दशकात पॅट्रिशिया बेनर यांनी नर्स नवखेपणापासून निष्णात होईपर्यंत कोणत्या पाच टप्प्यांतून जाते ते मांडलं. त्यांच्या मते एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन-तीन वर्षं घालवली की नर्स मधल्या, म्हणजे तिसऱ्या टप्प्यावर येते. चार महिन्यांत तू कुठे असायला हवं होतीस, याचा अंदाज तूच बांध. बेनर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला फार मोलाची वाटते. वर्षानुवर्षं काम केलेली नर्ससुद्धा अगदी अनोळखी विभागात गेली की तिथे पुन्हा नवखी होते. म्हणजे नवखेपण ही कुणाची कायमची लायकी ठरत नाही. ती माणूस आणि जागा यांच्यातली त्या वेळची अवस्था असते. मी अनेक वर्षं नव्या मुलींना वॉर्डात रुळताना पाहिलंय. पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात सुसाट दिसणारी मुलगी पाच वर्षांनी सगळ्यात भरवशाची असेलच, असं मी कधीच सांगू शकले नाही. त्यामुळे त्या तिघींशी स्वतःची तुलना थांबव. त्यांना कोणते पेशंट मिळाले, शिकवायला कोण मिळालं, हे तुला पुरतं माहीतही नाही.

दुसऱ्या गृहीतकावर जरा जास्त बोलते, कारण त्याच्यामुळेच तुझा कल चुकीच्या बाजूला चाललाय असं मला वाटतं.

आयसीयूत काही बिघडलं की मॉनिटर ओरडतो. वॉर्डात ओरडणारं काही नसतं, तिथे फक्त तुझं लक्ष असतं. वॉर्डातल्या पेशंटचं हृदय अचानक बंद पडल्यासारखं वाटतं, पण मागे जाऊन चार्ट पाहिला तर बऱ्याचदा कित्येक तास आधीपासून खुणा दिसतात. श्वास वाढलेला असतो, लघवी कमी झालेली असते, सकाळी गप्पा मारणारा माणूस दुपारी अडखळत उत्तरं देत असतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्ध अशा नोंदींना गुण देण्याची ‘न्यूज’ नावाची पद्धत आणली आणि २०१७ साली ती सुधारली. त्यात एकट्या श्वासाचा वेग मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त झाला तरी ३ गुण होतात, आणि कोणत्याही एका नोंदीला ३ गुण पडले की डॉक्टरांनी तातडीने पेशंट पाहावा असं ती सांगते. आणि नेमका श्वासच वॉर्डात सगळ्यात कमी मोजला जातो! चार्टवर ओळीने सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला दिसला की समजायचं, कुणी मोजलेला नाही. तू घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर मोज. एवढ्या एका सवयीने तू वॉर्डात वेगळी दिसशील, आणि पुढे आयसीयूत गेलीस तर तिथेही.

वॉर्डात तुला आणखी एक गोष्ट मिळेल, जी कदाचित तुला कमी पडली होती. अनेक पेशंटपैकी आत्ता कुणाकडे जायचं, हे ठरवण्याचा रोजचा सराव. त्यासाठी एक कागद वापर. डावीकडे पलंग क्रमांक, वर ड्यूटीचे तास, आणि प्रत्येक चौकोनात त्या तासाला काय चुकवून चालणार नाही तेवढंच लिही. हँडओव्हर, म्हणजे आधीच्या ड्यूटीकडून पेशंटची माहिती, घेतल्यावर पहिल्या काही मिनिटांत सगळ्या पेशंटना नुसतं बघून ये, मग कागद भर. दर दोन तासांनी तो कागद सीनिअरला दाखवून ‘क्रम बरोबर आहे का?’ असं विचार. असं विचारायला लाज वाटेल, तरी विचार. अनुभवी सिस्टरचं डोकं कसं चालतं हे त्या दोन मिनिटांत जेवढं कळतं तेवढं पुस्तकात कळत नाही.

आणि रात्री डॉक्टरांना फोन करायची भीती. तू पत्रात सहज लिहून गेली आहेस, “उगाच उठवलं म्हणतील म्हणून मी आधी सगळं परत परत तपासायचे.” मला वाटतं तुझा बराचसा ‘वेग’ इथे गेला. बोलायचं काय हे आधी ठरलेलं असलं की भीती पुष्कळ कमी होते. एसबीएआर नावाची पद्धत तू शिकली असशील. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली. आत्ता काय झालंय, आधीची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय, मला काय हवंय, एवढंच. “डॉक्टर, मेडिसिन वॉर्डातून सिस्टर बोलतेय. सहा नंबरच्या पेशंटचा श्वास २८ झालाय, दोन तासांपूर्वी १८ होता. काल न्यूमोनियासाठी भरती झालेत. मला त्यांची तब्येत खालावताना दिसतेय. तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं.” शेवटचं वाक्य म्हणायला नवीन मुली कचरतात. ते गाळू नकोस.

आता त्या छोट्या आयसीयूबद्दल. छोटं रुग्णालय म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी फार जिव्हाळ्याने शिकवतात. पण रात्री दोनच नर्स, त्यातली एक तू, आणि ‘लगेच रुजू व्हा’. चार महिन्यांच्या अनुभवावर जे रुग्णालय तुला उद्यापासून आयसीयू द्यायला तयार आहे, त्याने तुझ्याबद्दल काय विचारलं? बहुतेक काहीच नाही. जिथून तू पडलीस तिथे तुला चार आठवडे तरी सोबत होती. इथे तेवढीही नसेल. पहिली चूक तुझ्या लक्षात आली आणि पेशंट वाचला. दुसऱ्या वेळी शेजारी कुणीच नसेल, आणि तुझं मन आधीच घाबरलेलं असेल. स्वतःला काहीतरी सिद्ध करायचंय म्हणून ही नोकरी घेऊ नकोस. त्या सिद्ध करण्याची किंमत पलंगावरचा माणूस मोजतो.

म्हणून माझं मत वॉर्डाच्या बाजूने आहे. पण डोळे मिटून हो म्हणू नकोस. तोंडी आश्वासनाचा अनुभव तू एकदा घेतलायस. ते बारा आठवडे ऑफर लेटरमध्ये लिहून माग. शिकवणारी सीनिअर ठरलेली असेल की रोज बदलेल, ते विचार. त्या आठवड्यांत स्टाफ कमी पडला तर तुला एकटीला पेशंट देणार का, हेही विचार. नाइटला एका नर्सकडे किती पेशंट असतात, पहिली नाइट केव्हा लागेल, गेल्या वर्षी लागलेल्या नव्या मुलींपैकी किती अजून आहेत? “इथे औषधाची चूक झाली तर पुढे काय होतं?” हा प्रश्न नक्की विचार आणि उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघ. ‘आमच्याकडे चुका होत नाहीत’ असं उत्तर आलं तर सावध हो. जमलं तर अर्धा दिवस वॉर्डात नुसतं उभं राहू देण्याची विनंती कर. नव्या मुलीने प्रश्न विचारला की बाकीच्या कशा वागतात, ते तासाभरात दिसतं. आणि कुठेही सही करताना, मध्येच सोडलं तर पैसे भरावे लागतील असं कलम आहे का ते वाच. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नकोस. दाखव, झेरॉक्स दे, परत घे.

या प्रश्नांची उत्तरं वाईट आली आणि छोट्या रुग्णालयाची चांगली आली, तर माझं मत उलटं धर. विभागाच्या नावापेक्षा, अडल्यावर तुझ्या शेजारी कोण येऊन उभं राहणार हे मोठं आहे.

ऑफिसातल्या नोकरीबद्दल फार बोलत नाही. नर्सिंग सोडणं हा काही गुन्हा नाही, आणि घरखर्चाची गरज असेल तर काही महिने ती करण्यातही कमीपणा नाही. एवढंच तपास की तुला पेशंटजवळ जाणं नकोसं झालंय, की त्या एका आयसीयूत पुन्हा जाणं. सलाईन लावताना, आजारी माणसाला समजावून सांगताना, कुणाची वेदना कमी झालेली बघताना तुला अजूनही बरं वाटत असेल, तर भीतीच्या या आठवड्यांत कायमचा निर्णय घेऊ नकोस.

चार महिने रिझ्युमेत लिही. लपवलेस आणि नंतर उघड झाले तर तुझ्या प्रामाणिकपणावरच प्रश्न येईल, आणि तीच तुझी सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. मुलाखतीत विचारलं तर जुन्या रुग्णालयाला नावं ठेवू नकोस, रडगाणंही नको. “पहिलीच नोकरी थेट आयसीयूत घेतली, सोबतीचा काळ ठरल्यापेक्षा कमी मिळाला. माझ्याकडून पंपाच्या वेगाची एक चूक झाली, ती मी ओळखली आणि स्वतः नोंदवली. तेव्हापासून मी औषध असं तपासते,” असं म्हण आणि कसं ते सांग. हे आरशासमोर चार वेळा म्हणून बघ, आवाज कापायचा थांबेपर्यंत. चांगली इन्चार्ज असं उत्तर ऐकून सरसावून बसते.

एक काळजी मला तुझ्या पत्रातून जाणवली. तू लिहितेस की अजून रात्री पंपाचा आवाज ऐकू येतो आणि झोप मोडते. चूक झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यालाही खोल धक्का बसतो आणि त्यालाही आधार लागतो, हे आल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं होतं. तुझ्या बाबतीत तो आधार कुणी दिलेला दिसत नाही. झोप महिनाभर अशीच मोडत राहिली, सारखं रडू येत राहिलं, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटल्याचा एकही विचार आला तर एक दिवसही थांबू नकोस, त्याच क्षणी घरच्या कुणाला तरी सांग. तू हेच पेशंटला सांगितलं असतंस.

आता या आठवड्याचं काम. उद्या वॉर्डवाल्यांना फोन करून वरचे प्रश्न विचार आणि बारा आठवड्यांचं लेखी माग. ते मिळालं तर हो कळव. आणि जुन्या रुग्णालयाकडून अनुभवाचं प्रमाणपत्र घ्यायचं राहिलं असेल तर आजच ईमेल टाक. त्यात रुजू झाल्याची आणि काम संपल्याची तारीख, विभाग आणि पद एवढं स्पष्ट असलं की पुरे. आठवड्यात उत्तर आलं नाही तर स्वतः जाऊन घे, कुणाला तरी सोबत घेऊन.